हिरव्या फोर्डचा भाव

आमच्या पासो ओंदो गावात जुनी गाडी विकायची म्हटली की घेणारा आणि विकणारा, दोघंही माझ्या नवऱ्याकडे येतात. एल्बिओ इरिगोशेन. रिवाज असा की भाव एल्बिओने सांगायचा, चारचौघांत, मोठ्याने. घेणाऱ्याला पटला तर ठीक. नाही पटला तर त्याच भावाला गाडी एल्बिओने स्वतः घ्यायची. म्हणून तर नदीपलीकडचे अर्जेंटिनावालेसुद्धा त्याच्या शब्दावर विसंबतात. इतक्या वर्षांत एकही गाडी त्याच्या गळ्यात पडली नव्हती.

गाडी बघायला गेला की हा आधी हात मागे बांधून तिच्याभोवती फिरतो. मग गादीचा वास घेतो, पत्र्यावर बोटाच्या पेराने वाजवतो, खाली आडवा होतो. गंज त्याला चालतो, उंदरांनी कुरतडलेलं चालतं. कारखान्यातून निघाली तशी राहिली असेल, कुणी दुरुस्तीच्या नावाखाली हात लावला नसेल, तर तो भाव चढवतो. रंगवून आणली की निम्म्यावर येतो.

घरात मात्र या माणसाच्या तोंडून एक धड उत्तर निघेल तर शपथ! आमची लेक यानेथ राजधानीत, मोंतेविदेओला असते. तिच्या घरामागे आमच्यासाठी दोन खोल्या बांधायच्या म्हणून मी शेत विकायला लावलं. पैसे बँकेत आले. "कधी निघायचं?" म्हटलं की, "हिवाळा सरू दे गं." हिवाळा सरला की, "उन्हाळ्यात तिकडे फार गर्दी." नातू चालायला लागला तो मी फोनवर पाहिला.

अशात शेजारची सुल्मा तेचेरा गाडी विकायला निघाली. नवरा वारला, छप्पर गळतंय, साल्तोला बहिणीकडे जायचं तर रिकाम्या हाती कशी जाणार? तिच्या नवऱ्याच्या आजोबांची एकोणतीस सालची फोर्ड कोठारात पोत्यांखाली उभी होती. एल्बिओने ती एकदा पोतं उचलून पाहिली होती आणि घरी येऊन पहिल्यांदाच न विचारता बोलला होता, "निबिया, बारा हजार डॉलर. डोळे मिटून."

नदीपलीकडच्या रोसारिओहून बासाल्दो नावाचं गिऱ्हाईक आलं. निम्मं गाव जमलं. सुल्माने मोठ्या हौसेने कोठाराचं दार उघडलं.

गाडी हिरवीगार! फाटकाला आणलेला तेलरंग उरला होता, तो बाईने ब्रशने फासला होता. दिव्यांवरचा निकेलचा मुलामा राखेने घासून पार उडवला होता. जुनी गादी जाळून तिथे फुलाफुलांचं मेणकापड ठोकलं होतं.

"पाहुणे येणार, आणि गाडी अशी पारोशी दाखवायची?" सुल्मा म्हणाली. "आठवडाभर राबले हो एल्बिओ. बघा तरी, कशी नवरीसारखी दिसतेय!"

बासाल्दोने टोपी काढून डोकं खाजवलं. एल्बिओ फिरला. वाजवलं, वाकला, आडवा झाला. उठला तेव्हा त्याच्या कोपराला हिरवा रंग लागला होता.

"बारा हजार," तो म्हणाला.

"थट्टा करताय काय?" बासाल्दो म्हणाला. "पाच हजारांच्या वर एक पैसा नाही." आणि गेला निघून.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुल्मा एल्बिओच्या गळ्यात पडून रडली. रिवाजाप्रमाणे आमच्या खोल्यांच्या पैशांतले बारा हजार तिच्या हातात गेले, ती साल्तोच्या बसमध्ये बसली, आणि घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, तशी ती हिरवी फोर्ड आमच्या अंगणात आली.

"संत आहे तुझा नवरा," पाववाली मला म्हणाली. मीही तसंच समजायला निघाले होते. पण रोज दुपारी हा त्या मेणकापडावर बसून माते, हा आमचा कडू पाल्याचा चहा, प्यायचा आणि शीळ घालायचा. मोंतेविदेओचं नाव निघाल्यापासून मी त्याची शीळ ऐकली नव्हती. मग डोक्यात उजेड पडला. सुल्माचं भलं झालं ते झालंच, पण हा त्या बारा हजारांत मोंतेविदेओपासून स्वतःची सुटका विकत घेऊन बसला होता.

रविवारी मंडळी गाडी बघायला आली. मातेचा पेला फिरत होता. मी मोठ्याने म्हटलं, "शेत दोघांचं होतं, म्हणजे गाडी निम्मी माझी. मला माझा हिस्सा विकायचाय. एल्बिओ, भाव सांग."

आधी सगळे हसले. मग त्यांना पेच कळला. घेणारा दुसरा कुणी नाही; सहा हजार म्हणाला तर रिवाजाप्रमाणे त्यानेच तेवढे मोजून द्यायचे, म्हणजे उरलेसुरले पैसे घेऊन मी लेकीकडे मोकळी. रंग फासलेल्या गाडीचा खरा भाव सांगितला तर चारचौघांत खोटा ठरून जन्माची पत मातीत.

एल्बिओ गाडीभोवती फिरला. पत्र्यावर बोट ठेवलं, वाजवलं नाही. दुसरी फेरी घातली. मंडळी एकेक करून उठून गेली, कुणी निरोपही घेतला नाही.

"सांग ना," मी म्हटलं. "अडकलास ना? मी तीन वर्षं अशीच अडकलेय."

तो पायरीवर बसला. "निबिया, तिथे मला कोण काय विचारणार गं? इथे निदान कुणी दार वाजवतं. तिथे मी यानेथच्या घरामागचा म्हातारा. मला भीती वाटते."

चाळीस वर्षांच्या संसारात त्याने हा शब्द कधी उच्चारला नव्हता. सहा हजार म्हणाला असता तर मी पैसे घेऊन गेले असते. पुन्हा एखादी सबब सांगितली असती तर रागाने गेले असते. आता कशी जाऊ?