ब्रुन्याला दाखवलेली माणसं

सकाळचा चहा झाला की हौशीराम पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढायचे. पेटी फरशीवर करकरली की ब्रुन्या अंगणातून आत यायचा आणि तिच्यासमोर पुढचे पाय जुळवून बसायचा. मग हौशीराम एकेक कपडा काढून त्याच्या नाकाशी धरायचे.

"ह्यो सत्यम, माजा ल्योक. ही सारिका, सूनबाई. ही अपेक्षा. हिला जपायचं." शेवटी एक हिरवं लुगडं निघायचं. "ही लीलाबाई. ही काय येनार न्हाई आता. पन म्हाईत असावी."

हुंगून झालं की ब्रुन्याला भाकरीचा तुकडा मिळायचा. कपडे घडीवर घडी पुन्हा पेटीत जायचे.

कुरवंड्यात हौशीरामांचं घर वस्तीच्या टोकाला. पलीकडे बंगल्यांची कुंपणं सुरू व्हायची. शनिवारी-रविवारी तिथे गाणी वाजायची, सोमवारी कुणी नसायचं. खंडाळ्याच्या घाटात रूळ तपासत त्यांची गँगमनची नोकरी सरली होती. लीलाबाई गेल्यावर घरात ते एकटेच उरले. मुलगा सत्यम चिंचवडला कारखान्यात होता. अंतर काही फार नाही. पण सुट्टी असली की रस्ता जाम असतो, असं तो फोनवर सांगायचा, आणि ते खरंही असायचं.

बंगल्यांत चोऱ्या होऊ लागल्या तेव्हा, दिवाळीला, सत्यम रॉटवायलरचं पिल्लू घेऊन आला. काळं, जाडजूड पंजांचं, भुवयांवर दोन तांबूस ठिपके. नाव ब्रुनो, हौशीरामांच्या तोंडी ब्रुन्या. आता माझी काळजी मिटली, असं तो निघताना म्हणाला. ती खरंच मिटली असावी, कारण रोज येणारा फोन मग आठवड्याने येऊ लागला.

लस टोचताना लोणावळ्याच्या डॉक्टरने बजावलं होतं, की ही राखणीची जात आहे. लहान आहे तोवर घरात येणारी-जाणारी माणसं याला दाखवा, नाहीतर मोठेपणी उंबऱ्यात कुणाला पाऊल टाकू देणार नाही. हौशीरामांनी मान डोलावली. घरी येऊन त्यांनी शेजारच्या महिपतीला हाक मारली, त्याच्या हातून पिल्लाला भाकरी घातली. त्यापुढे दाखवायला कुणी नव्हतं.

माघात सत्यम बायको-मुलीला घेऊन आला तेव्हा ब्रुनो मुलीच्या कमरेला लागत होता. अपेक्षा नेहमीसारखी पळत अंगणात शिरली. तो भुंकत अंगावर गेला आणि तिची ओढणी त्याच्या दातांत आली. हौशीरामांनी पट्टा ओढून धरला, पण पोरगी मागच्या मागे पडून कोपर फुटलं. जेवण गाडीतच झालं. सारिका ओरडली नाही. ताट परत देताना हळूच म्हणाली, "आबा, जत्रेला येऊ. तोवर त्याने ओळखलं नाही, तर त्याला कुणा बंगलेवाल्याला देऊन टाका. नाहीतर आम्हाला येता येणार नाही."

हौशीरामांना दोन्ही हवं होतं. दिवसभर ज्याच्याशी बोलावं असं ते कुत्रं, आणि ती तिघं.

माणसं नव्हती, म्हणून त्यांनी पेटी उघडली. सत्यमचा जुना सदरा, सारिकाची लग्नातली शाल, अपेक्षाचं लहानपणीचं झबलं-टोपडं. सगळं लीलाबाईने जपून ठेवलेलं. महिपती येता-जाता दारातून डोकवायचा.

"काय भाऊ, हजेरी झाली का वर्गाची?"

"झाली. तूच गैरहजर."

"माजी चड्डी आनून देऊ का? माजी बी वळख राहील."

पण ब्रुन्या खरंच निवळला होता. कपडा पुढे केला की शेपूट हलवायचा, झबल्यावर तर हनुवटी टेकवून डोळे मिटायचा. हौशीरामांनी फोन करून सत्यमला सांगितलं, की आता त्यानं तुमाला वळखलंय, बिनघोर या.

चैत्रात जत्रेला गाडी दारात थांबली. हौशीराम ब्रुन्याचा पट्टा हाताला गुंडाळून उभे होते. सत्यम फाटकाच्या आत आला आणि कुत्र्याच्या छातीतून गुरगुर उठली. मानेवरचे केस ताठ.

"आरं, सत्यम ह्यो. रोज दावला न्हवं तुला?"

गुरगुर वाढली. सारिकाने अपेक्षाचा हात धरला आणि ती गाडीकडे वळली.

सदराच दाखवून बघू, म्हणून हौशीराम कुत्र्याला ओढत घरात गेले. पेटी करकरली. ब्रुन्या एकदम गप्प झाला, पुढचे पाय जुळवून बसला, शेपूट हलवू लागला. हौशीरामांनी सदरा उचलला आणि, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, स्वतःच्या नाकाशी नेला. डांबरगोळ्या. मग शाल हुंगली, झबलं हुंगलं, लुगडं हुंगलं. लीलाबाई दर दिवाळीला कपडे धुऊन, ऊन देऊन पेटीत ठेवायची आणि मूठभर डांबरगोळ्या टाकायची. चौघांचा वास एकच होता. त्यात सत्यम नव्हता, सारिका नव्हती, पोरगी नव्हती. असलाच तर त्या गोळ्या टाकणाऱ्या हाताचा वास असेल.

त्यांनी पेटी तळापर्यंत उपसली; खाली त्यांच्या निवृत्तीत मिळालेली लोकरी शाल होती. मग होते नव्हते ते कपडे काखोटीला मारून बाहेर आले.

जुना सदरा अंगात शिरेना, म्हणून चैत्राच्या उन्हात सत्यमने वडिलांच्या निरोप-समारंभातली ती लोकरी शाल पांघरली. सारिकाने आपल्या लग्नातली शाल खांद्यावर घेतली. अपेक्षाला झबलं काही होईना, म्हणून तिला आजीचं लुगडं गुंडाळलं. "नुस्तं येऊन बसा," हौशीराम म्हणाले, "त्याच्या डोळ्यात बगू नका."

तिघं ओटीवर बसली. ब्रुन्याने एकेकाला हुंगलं. मग घोटाळल्यासारखा पुन्हा मुलीकडे गेला आणि लुगड्याच्या पदरावर हनुवटी टेकली. अपेक्षाने श्वास रोखून तळहातावरचा भाकरीचा तुकडा पुढे केला. त्याने तो अलगद उचलला.

"आबा, याला वाटतंय मी आजी आहे," ती म्हणाली.

हौशीराम हसले, आणि मटणाला फोडणी द्यायला आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

घाम गाळत जेवणं झाली. दुपार कलता एकेक शाल उतरली, तरी कुत्रं गुरगुरलं नाही. संध्याकाळची गर्दी लागायच्या आत तिघं निघाली. जाताना अपेक्षाने घामेजलेला रुमाल ब्रुन्याच्या पुढ्यात ठेवला आणि धुऊ नका म्हणून आजोबांना बजावलं. सारिकाने आपली ओढणी ठेवली, जरा संकोचत.

त्यानंतर कपडे हुंगवायचं कारण उरलं नाही. ब्रुन्या मात्र सकाळी पलंगापाशी येऊन बसायचा. मग हौशीराम पेटी ओढून नुसतंच झाकण उघडायचे आणि चहा गार होईपर्यंत दोघं समोर बसायचे.

श्रावणात एके दुपारी हौशीराम ओटीवर बसल्या जागीच गेले. महिपतीने फोन केले. चिंचवडहून, कामशेतहून नातेवाईक आले, घर भरलं. मुलगा, सून आणि नात उंबरा ओलांडून आत गेली, तेव्हा ब्रुन्याने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. बाकीच्यांसाठी त्याला बांधावं लागलं.

हौशीराम गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी सत्यमचा फोन आला होता. रविवारी यायचं म्हणत होता, पण पावसाळी गर्दी फार असेल, असंही म्हणत होता.

"मंग सोमवारी या," हौशीराम म्हणाले होते. "सोमवारी रस्ता मोकळा असतो. बरं, ठेवतो आता, ब्रुन्याचं खायाचं राह्यलंय."