गोचिडीची रेकी

"हे तुझ्या रिपोर्टात न्हवतं, संदीप!"

आबा ओरडले. साताऱ्याच्या थेटरात, गच्च काळोखात, नेमक्या अशा क्षणी, जेव्हा पडद्यावरच्या बँक मॅनेजरच्या पाठीला म्हशीएवढी गोचीड चिकटली होती आणि तो बघता बघता उसाच्या चिपाडासारखा वाळत चालला होता. माझे वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले; त्यांचा आवाज अजून ड्यूटीवर आहे. पुढच्या चार रांगांनी पडदा सोडून आमच्याकडे पाहिलं. मला तर वाटलं, गोचिडीनंही पाहिलं!

माझ्या डावीकडे आबा. उजवीकडे माझी आठ वर्षांची सई, तिचा तळहात माझ्या मुठीत. तिच्यापलीकडे माझ्या भावाचा मुलगा दिग्या. आणि मधोमध मी. हा सिनेमा आधी स्वतः बघून, तो लहान मुलांना दाखवायला योग्य आहे असा निर्वाळा दिलेला जबाबदार इसम.

(पहिली पाच मिनिटं सोडली तर त्या सिनेमातलं एकही भयंकर दृश्य मी पाहिलेलं नव्हतं, ही गोष्ट तेव्हा जगात फक्त मला आणि माझ्या हेल्मेटला माहीत होती.)

झालं असं, की आमच्या घरात रेकीशिवाय पान हलत नाही. फौज पुढं सरकण्याआधी एकानं गुपचूप जाऊन मुलूख बघून यायचा, ती रेकी. सरहद्दीवर ते ठीक आहे, पण आबांनी पेन्शनीबरोबर ती पद्धतही रहिमतपूरजवळच्या आमच्या मळ्यात आणली. म्हैस घ्यायची? रेकी. जत्रेला जायचं? गाडी कुठं लावायची त्याची रेकी. माझं लग्न ठरण्याआधी माझे एक चुलते वाईला, वैशालीच्या वडिलांच्या दुकानात, गिऱ्हाईक बनून गेले आणि पाण्याची टाकी विकत घेऊन परत आले. (टाकी पहिल्या दिवसापासून गळते. लग्न अजून टिकून आहे.)

मी सांगलीत दुचाकीच्या शोरूममध्ये नोकरीला. सुट्टी लागली तशा वैशाली आणि सई मळ्यावर आल्या होत्या; महिन्याभरानं, मे अखेरीस, मी पोचलो, तर दिग्यानं आल्या आल्या मोबाइल नाचवला. "काका, साताऱ्यात पिच्चर लागलाय! गोचिडीचा! कारखान्याचं घाण पाणी पिऊन एवढी झालीय! माणसं खाती आन् लय हसवती!"

परदेशी सिनेमा, हिंदीत आणलेला. अर्धा भीतीचा, अर्धा हसण्याचा. आबांनी चष्मा चढवून जाहिरात वाचली. तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, लहान मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा.

"पालक कोण?" आबांनी विचारलं.

"मी," मी म्हणालो.

बाजारात म्हैस पारखतात तसं त्यांनी मला खालून वर पाहिलं.

त्यांची काळजी खोटी नव्हती. थंडीत आमच्या शेजारच्या उसात बिबट्या दिसला होता. सईनं ते फोनवर ऐकलं आणि तेव्हापासून मळ्यावर आली की अंधार पडल्यावर अंगण ओलांडून एकटी संडासला जाईना. घर आणि संडास यांच्यामध्ये अंगण, अंगणात गोठा, गोठ्यामागं ऊस. त्या महिन्यात आबांनी तिला पद्धतशीर तयार केलं होतं. आधी तुळशीपर्यंत. मग गोठ्यापर्यंत, तिथं गंगी म्हशीच्या पाठीवर थाप मारून परत. आणि आदल्याच आठवड्यात पोरगी टॉर्च घेऊन एकटी जाऊन आली होती! आबांनी तिला चक्क सॅल्यूट ठोकला. मला त्यांनी आयुष्यात कधी ठोकलेला नाही.

"माझी एवढी मेहनत हाय," आबा म्हणाले. "त्या पिच्चरनं पोर परत उंबऱ्याच्या आत येऊन बसली, तर मी कुणाला धरू? संदीप, तू जाऊन रेकी कर. सगळं बघ. डोळ्यात तेल घालून बघ."

गेलो. स्कूटर लावली आणि हेल्मेट हातात घेऊन आत शिरलो. पहिल्या पाच मिनिटांत त्या गोचिडीनं एका धनगरासारख्या दिसणाऱ्या गोऱ्या माणसाचं जे काही केलं, ते बघून हेल्मेट हातातून डोक्यात कधी गेलं मला कळलंच नाही. काच खाली. माझ्या हेल्मेटची काच काळी आहे. (मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो, हेल्मेटनं जीव वाचतो. त्या दिवशी स्वतःच्या बोलण्यावर विश्वास बसला.)

"ओ अंतराळवीर!" मागून कोणीतरी ओरडलं. "मुंडकं खाली घ्या की!"

खाली घेतलं. खाली घेतल्यावर तर फक्त माझे बूट दिसत होते. मध्यंतरात वडा खाल्ला आणि पुन्हा बुटांकडे पाहत बसलो. शेवटचं गाणं लागलं तेव्हा काच वर केली. गाणं छान होतं.

घरी आलो तर आबा ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले. समोर दिग्या आणि सई. स्वयंपाकघराच्या दारात वैशाली.

"रिपोर्ट," आबा म्हणाले.

"गाणी चांगली आहेत."

"जनावर किती जणांना मारतंय?"

"दोघा-तिघांना. त्यातला एक आधीच आजारी होता."

"रक्त?"

"खरचटल्याएवढं."

"पोरीची झोप उडंल?"

"छे! मीच मधे डुलकी काढली!"

वैशाली माझ्याकडे बघत होती. लग्नाला दहा वर्षं झाली की बायकोला नवऱ्याची डुलकी कळते. ती भाकरी थापायला आत वळली. सई मात्र जवळ आली. "पप्पा, तरी पण भीतीचं असेल ना थोडं?"

तिथं मला खरं बोलायची शेवटची संधी होती. मी काय केलं? मोठेपणा केला! म्हणालो, "तू माझ्या शेजारी बस. भीतीचं काही येणार असेल तर मी आधी तुझा हात दाबतो. तू डोळे मिटायचे. मला सगळं माहितीय."

"झ्याक," आबा उठले. "उद्याच जाऊ. मी बी येतो."

"आबा, मी कशाला परत? बघितलाय की मी."

"रेकीवाला फौजेच्या पुढं असतो," आबा म्हणाले.

तर असा मी त्या मधल्या खुर्चीत. आणि आबा माझ्या कानाशी वाकून दर दोन मिनिटांनी विचारत होते, "आता म्होरं काय हाय?"

"आता... ती बाई सुटते," मी ठोकून दिलं.

बाई सुटली नाही. बाईचा एक बूट तेवढा सुटला.

"हे रिपोर्टात न्हवतं."

"ती... ती आधीच आजारी होती, आबा."

"पळत हुती की आता!"

पण आबा परवडले. खरा घोर उजव्या हाताचा होता. वाजंत्री चढली की मला वाटायचं, आली! मी सईचा हात दाबायचो, पोरगी गच्च डोळे मिटायची, आणि पडद्यावर निघायचं नाचगाणं. गाणं संपलं, सगळं शांत झालं, नवरा-नवरी हसत केक कापायला लागले. मी सुटकेचा श्वास टाकून हात सैल सोडला. सईनं डोळे उघडले.

केकमधून गोचीड निघाली!

त्यानंतर पांढऱ्या कपड्यातलं कुणीच पांढरं राहिलं नाही. सईचा तळहात माझ्या मुठीत बर्फासारखा गार पडला. ती रडली असती तर बरं वाटलं असतं. ती ताठ बसून राहिली, पापणी न हलवता. माझ्या डोळ्यांसमोर गोचीड नव्हतीच, अंगण होतं. तुळस, गोठा, ऊस. एक महिन्याची आबांची मेहनत त्या केकबरोबर उडाली होती आणि सुरी माझ्या हातात होती.

मध्यंतराचे दिवे लागले. आबा सईसमोर उकिडवे बसले. गुडघे दुखतात त्यांचे, तरी बसले. "सईबाई, घरी जायचं का? कुणी हसणार न्हाई."

मी हातातल्या वड्याकडे बघत होतो. सई म्हणाली, "नको. बघते. पण पप्पांनी हात दाबायचा नाही."

"का गं?"

"त्यांचं चुकतंय."

आबांनी मान माझ्याकडे अशी सावकाश वळवली, जसा रणगाडा तोफ वळवतो. दिवे गेले. माझा हात रिकामा.

उत्तरार्धात ती गोचीड हिरोच्या मानेला चिकटली आणि हिरॉइन तिला दोन्ही हातांनी ओढायला लागली. थेटर चिडीचूप. तेवढ्यात आमच्या रांगेतून दिग्या ताडकन उभा राहिला आणि कोकलला, "आगं सरळ नगो वढू! तोंड आतच ऱ्हातंय! पिळा मारून काढ की, गंगीची काढतो तशी!"

थेटर फुटलं हसून! आणि त्या हसण्यात सगळ्यात वरचा आवाज सईचा होता. कारण गंगीच्या गोचिडी काढायचं काम त्या महिन्यात दिग्या आणि सई या दोघांकडेच होतं. एकानं काढायची, दुसऱ्यानं डिझेलच्या डबड्यात टाकायची.

"अय्या, खरंच की! ही आपल्या गंगीचीच आहे! नुसती फुगलीय!"

तिथून पुढं दोघांनी मिळून त्या हिरॉइनला जे धडे दिले, त्याला तोड नाही. मागच्या रांगाही सामील झाल्या. "ताई, डिझेल आणा!" "अहो, शेपटीखाली बघा, तिथं अजून असतात!" आबासुद्धा एकदा "शाब्बास!" म्हणाले. सगळं थेटर हसत होतं.

सगळं म्हणजे, एक खुर्ची सोडून. कारण मी हे सगळं पहिल्यांदाच बघत होतो हो! आज हेल्मेट बाहेर माझ्या स्कूटरच्या डिकीत होतं; बाकीची फौज एसटीनं आली होती. गोचिडीच्या पोटातून अंडी सांडायला लागली तेव्हा माझ्या घशातून जो आवाज निघाला, तो मी ऐकला, सईनं ऐकला, आणि देव करो, आबांनी ऐकला नसो.

अंधारात एक छोटा हात माझ्या हातावर आला. हात दाबला गेला.

"पप्पा, मिटा."

मिटले.

"गाणं थांबलं ना, की ती येते," सई कानात म्हणाली. "थांबा हं. अजून नाही. अजून नाही... हां, आता उघडा."

उघडले. लख्ख ऊन, हिरवं कुरण. पोरीचा अंदाज एकदाही चुकला नाही! तिसऱ्यांदा डोळे उघडले तेव्हा मात्र समोर कुरणाऐवजी आबांचा चेहरा होता. पडद्याकडे पाठ करून ते मलाच बघत होते. चाळिशीचा मुलगा आठ वर्षांच्या नातीच्या हुकमावर डोळ्यांची कवायत करतोय, असा तो देखावा.

बाहेर गाडीतळावर आबांनी डिकी उघडायला लावली आणि हेल्मेट हातात घेतलं. उन्हात धरलं. काच खाली केली, वर केली.

"रेकीला हे डोक्यात हुतं?"

"हो."

"काच?"

"...खाली."

त्यांनी हेल्मेट परत दिलं, दोन्ही हातांनी, एखाद्या शहिदाची टोपी घरच्यांना द्यावी तसं.

मळ्यावर पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मी आल्या आल्या सईवर नजर ठेवून. पोरगी चप्पल सरकवून निघाली. तुळस ओलांडली. गोठ्याशी थांबून गंगीचा कान उलटा करून बघितला, "एक आहे हं, उद्या काढू," म्हणाली, आणि पलीकडे निघून गेली. टॉर्च ओट्यावरच राहिला होता! आबांनी तिच्या पाठीला सॅल्यूट ठोकला.

थोड्या वेळानं मलाही जायचं होतं. मी टॉर्च घेतला. तुळशीपर्यंत गेलो. गोठ्यामागं ऊस सळसळला. मी परत आलो.

"सई, येतेस का जरा? तिकडंच उभी राहा. आणि गाणं म्हण. थांबवायचं नाही."

ती आली. म्हणाली. मी आतून दोनदा "पुढचं कडवं!" असं ओरडलो, हे खरं आहे.

परतलो तेव्हा वैशाली ओट्यावर आबांना विचारत होती. "मामंजी, शेजारच्या मुलांनाही तो सिनेमा बघायचाय. त्यांची आई विचारतेय, मुलांना चालण्यासारखा आहे का? काय सांगू?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातल्या टॉर्चकडे पाहिलं. टॉर्च धरलेल्या माझ्या हाताला धरून चाललेल्या सईकडे पाहिलं.

"पोरं पाठव म्हणावं," ते म्हणाले. "पालक घरी ठिवा."