तिचे उपास आणि माझं पत्रक

नव्वदच्या दशकात मी पारनेर तालुक्यात गावोगाव अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटत फिरायचे. नवस, उपास, अंगात येणं, सगळ्यावर माझ्याकडे पत्रक तयार असायचं. त्यामुळे कॉलेजात जाणारी माझी धाकटी बहीण सोमवार, गुरुवार, शनिवार धरायला लागली तेव्हा माझं डोकंच फिरलं. आमचं घर बौद्ध. उपास आजोबांच्या काळातच सुटलेले.

"मैत्रिणींच्या नादानं उलटी फिरलीस का?" म्हणत मी पत्रक तिच्यापुढे आपटलं. तिनं ते पूर्ण वाचलं, "चांगलं लिहिलंयस" म्हणाली आणि ताट बाजूला सरकवलं.

शेजारणी कौतुक करायच्या, "पोरगी बघा, कशी चवळीची शेंग!" ही पोरगी मे महिन्यात स्वेटर घालत होती, तिचे केस गळत होते. आई म्हणाली, "आगं, हिची पाळी बंद झालीय." तरी मी देवाधर्मावरच भांडत राहिले. लाज वाटते सांगायला.

मग सुप्याच्या एसटी स्टँडवर ती चक्कर येऊन पडली. शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "ताई, देवाबिवाचं काय न्हाई गं. उपास म्हटलं की कुनी जेव म्हनत न्हाई. जाड व्हायची लई भीती वाटती."

पहिल्या डॉक्टरनं टॉनिक लिहून दिलं. वर, "लग्न करून द्या, आपोआप जेवेल." मी त्याच्याशी दवाखान्यातच भांडले. नगरला मनोविकारांच्या डॉक्टरबाई होत्या, त्यांच्याकडे न्यायचं ठरवलं. आई घाबरली.

"येड्यांच्या डाक्टरकडं? लोक काय म्हनतील?"

"लोक कौतुकच करत बसलेत, आई. चल."

बाईंनी रक्त तपासलं, नाडी पाहिली. हा हट्ट नाही, आजार आहे, म्हणाल्या. अन्न हेच औषध. तिन्ही वेळा सगळ्यांनी तिच्यासोबत बसून जेवायचं, तिच्या जाड-बारीक असण्यावरून कुणी काही बोलायचं नाही.

"घरात भाषण कोण देतं?" बाईंनी विचारलं.

आई आणि बहीण, दोघींनी माझ्याकडे बोट केलं. कित्येक महिन्यांनी बहीण हसली.

वर्षभराहून जास्त आम्ही नगरच्या खेपा केल्या. मधे एकदा तिनं घास ओढणीत लपवले, आई रडली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एका भाकरीला तास लागायचा. मी समोर बसून, उपदेश न करता, शेतातल्या, कॉलेजातल्या गप्पा मारायचे. इतकं अवघड काम मी कुठल्या सभेत केलेलं नव्हतं.

एका रविवारी दुपारी पिठलं होतं. ताट रिकामं झालं तशी ती म्हणाली, "आई, अजून भाकर हाय का?"

टोपलं रिकामं होतं. आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो.

"बघताय काय? भीती अजून वाटती. पन भूक बी लागलीय."

आईनं तवा परत चुलीवर ठेवला. मी पीठ मळायला घेतलं.