चंपतचा खांदा

कामरगावच्या दंडारीत, दिवाळीतल्या गावच्या नाटकात, चंपत राजा व्हायचा आणि मी लुगडं नेसून त्याची राणी. शेवटी मी मरायचो. तो मला मांडीवर घेऊन रडायचा आणि अख्खं गाव रडायचं.

चौऱ्याहत्तर साली त्याचा घसा सुजला, आठ दिवस ताप राहिला. ताप गेल्यावर डोळे मिचमिचू लागले, खांदा उडू लागला. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, "घशातल्या जंतूंशी लढणारी शरीराची फौज चुकून मेंदूवरच उलटली असावी. खात्रीचं औषध नाही."

त्या दिवाळीला राजा रडताना खांदा उडाला. लोक पोट धरून हसले.

"मी थोडाच करून राह्यलो, भाऊ! आपोआप होते," चंपत मला म्हणाला. "मले फक्त अजून एकडाव लोकायले रडवायचं हाय."

पुढच्या दिवाळीपर्यंत खांदा आपसूक शांत झाला. चंपत असा रडला, की मेलेल्या राणीचेही डोळे भरले. तेवढ्यात समोरून आरोळी आली, "अबे राजा, खांदा उडव ना! वन्स मोअर!"

तो थांबला. शिट्ट्या थांबेनात. शेवटी त्याने मुद्दाम खांदा उडवला. टाळ्या कडाडल्या. मी त्याच्या मांडीवर मेलेला, मला उठताही येईना.