कोंडामावशीची शेळी आणि आमचा अभ्यासगट

गप्प कसे बसावे याचे शिक्षण मी परभणीला जाऊन घेतले आहे. मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या साली बायबलचा अभ्यासगट चालवायला शिकावे म्हणून आमच्या चर्चच्या पाळकांनी मला तिकडे धाडले. सगळ्या शिकवणीचे सार एकच: गटाच्या पुढाऱ्याने अर्थ सांगायचा नाही! उतारा वाचायचा, प्रश्न विचारायचा आणि लोक बोलेपर्यंत तोंड मिटून बसायचे. (मी पेशाने प्राथमिक शिक्षक. पोरांच्या आधी उत्तर सांगून टाकण्यावरच माझी नोकरी टिकली होती.)

आमच्या गावी, बोरीला, परतलो तर घरात सासरे! पाळकांचा उजवा हात. गट माझ्याकडे द्यायचा की नाही, हे तेच बघून ठरवणार होते. त्यात गावात ख्रिस्ती घरे दोनच, म्हणून माझ्या बायकोने, एस्तेरने, शेजारी सांगून ठेवले होते, "सांजच्याला आमच्यात वाचन हाय, या." शेजाऱ्यांच्या लेखी वाचन म्हणजे पोथी! अख्खी गल्ली अंघोळ करून आली. कोंडामावशीने तर नारळ आणला.

मी बायबलमधला हरवलेल्या मेंढराचा दाखला, म्हणजे बोधकथा, वाचला. शंभरातले एक हरवते आणि मेंढपाळ बाकीची नव्व्याण्णव रानात सोडून त्याला शोधायला जातो. "यातून तुम्हाला काय दिसलं?" एवढे विचारून मी तोंड मिटले.

लोक माझ्याकडे बघत होते, मी सतरंजीकडे. आता पोथी वाचणारा गप्प झाला म्हणजे समाप्ती, हे गल्लीला पक्के ठाऊक. कोंडामावशीने हात जोडले, तिचे बघून सगळ्यांनी जोडले आणि गंगारामभाऊंनी हळूच विचारले, "गुर्जी, परसाद?"

आत एस्तेरच्या हातातले भांडे पडले. घरात सकाळच्या दोन भाकरी होत्या!

"संपलं नाही अजून!" मी जवळजवळ किंचाळलो. "सांगा, त्या मेंढपाळानं बरोबर केलं का?"

"काय बरोबर?" गंगारामभाऊ उसळले. "नव्व्याण्णव रानात सोडली? तिथं लांडग्याची काय कमी हाय व्हय?"

"आन् त्या एकीनं एकलीनंच वरडत बसायचं का?" कोंडामावशी म्हणाली. "माजी शेळी दुपारधरनं दिसना. वाचनात इघ्न नको म्हून गप बसले मी."

तिचा चेहरा बघून मला कसेसेच झाले. काहीतरी बोलावे म्हणून जीभ वळवळू लागली, पण सासरे टक लावून बघत होते. परभणीला शिकलेला शेवटचा प्रश्न मी टाकला, "मग आता आपण काय करणार?" आणि डोळे मिटून उत्तराची वाट बघू लागलो.

शेवटी डोळे उघडले तर खोली रिकामी! लोक गेले, कंदील गेला, एस्तेर गेली, धोतर खोचून सासरेही गेले. मी अंधारात तसाच बसून राहिलो. (पुढाऱ्याने जागा सोडावी की नाही, हे परभणीला कुणी सांगितलेच नव्हते!)

ओढ्याकाठच्या बाभळीत अडकलेली ती शेळी खांद्यावर घेऊन सासरेच दारात आले. मागे सगळी गल्ली हसत-बोलत. मी धडपडत उठलो.

"मामा, गटाचं काय ठरवलंत?"

"गट लय झ्याक हाय, जावईबापू," शेळी खाली उतरवत ते म्हणाले. "पुढारी तेवढा हुडकावा लागंल."

मी त्यांच्या समोरच उभा होतो!