ऑरिनच्या टाकीचं ठिगळ

ऑरिन स्टॅडलरचा ट्रेलर, म्हणजे गाडीमागं ओढत न्यायचं पत्र्याचं घर, सदुसष्ट सालचा. ऑरिन बायकोपेक्षा त्यालाच जास्त जपतो, असं आमच्या अख्ख्या गल्लीचं मत, बायकोचंही. खोट एकच, खालची सांडपाण्याची प्लास्टिकची टाकी. गेल्या वर्षी तळ्याकाठी जुन्या ट्रेलरांचा मेळा होता, लोक रांग लावून आत डोकावत होते, आणि टाकीनं नेमकी पाद्रीसाहेबांच्या बायकोच्या बुटांवर धार सोडली.

"यंदा एक थेंब जरी गळला," ऑरिनची बायको व्हर्ला म्हणाली, "तर मी लॉर्नाच्या नव्या गाडीत झोपेन. आणि पुढच्या वर्षीपासून मेळ्याला तू एकटा!" लॉर्ना तिची बहीण. व्हर्लानं उशी तिच्याकडं आगाऊच धाडली. नवऱ्यावर भरवसा तो एवढा.

त्या मापाची नवी टाकी कुठं मिळेना. ऑरिननं तीन तऱ्हेचे गोंद लावले, तिन्ही पापुद्र्यासारखे सुटले. जुनं प्लास्टिक मोठं सोवळं. आपल्या कुळातल्याशिवाय कुणाला जवळ करत नाही. त्याच जातीचा चुरा ॲसिटोनमध्ये विरघळवून लापशी करावी, भेगेत भरावी, तर एकजीव होतं. पण चुरा आणायचा कुठून?

मेळा तीन दिवसांवर आला, तेव्हा त्याची नजर ट्रेलरमधल्या फोनवर गेली. सासूबाईंचा काळा फोन, टाकीच्याच जातीच्या प्लास्टिकचा. त्या वारल्यापासून शोभेला ठेवलेला. "भिंतीकडची बाजू कोण बघतंय?" म्हणत ऑरिननं चीजची किसणी उचलली.

मेळ्यात टाकी ठणठणीत कोरडी. व्हर्ला मजेत कप विसळत होती. तेवढ्यात पाद्रीणबाई आल्या, यंदा रबरी बूट घालून.

"अगं बाई, हा फोन अजून वाजतो?"

व्हर्लानं कौतुकानं फोन फिरवला. मागची बाजू गायब, आतल्या घंटा उघड्या.

"ऑरिन! आईच्या फोनची पाठ कुठाय?"

ऑरिननं पायाखाली बोट दाखवलं. "टाकीत. तुझ्या आई म्हणायच्या ना, माझ्या हातून काही धड टिकायचं नाही? आता त्याच टिकवताहेत."

पाद्रीणबाईंनी घाईघाईनं छताकडं पाहिलं. व्हर्लानं भांडी विसळायचं घमेलंभर पाणी मोरीत भडाभडा ओतलं, बाहेर जाऊन गुडघ्यांवर बसली, खाली वाकली. एक थेंब नाही.

"आई, घट्ट धर गं!" तिनं टाकीला सांगितलं. मग उठून गुडघे झाडत म्हणाली, "जा, लॉर्नाकडून माझी उशी घेऊन ये. आणि येताना नवी किसणी."