मिठात घातलेला तुकडा

नव्वदच्या सुमारास पनवेलच्या एका लहानशा लॅबमध्ये मी स्लाइड बनवायचे. कामाला चोख, तोंडाने फटकळ. हिला पेशंटपासून लांब ठेवा, असं डॉक्टर म्हणायचे, पण तपासणीच्या बाटल्या द्यायचं काम माझ्याचकडे होतं.

गव्हाणच्या मिठागरात राबणारा एक जण बायकोसाठी अशी बाटली घेऊन गेला. मशेरी लावून लावून तिच्या गालाला आतून जखम झाली होती. सर्जनने तुकडा काढून दिला. दोन दिवसांनी नवऱ्याने तो आणला, तर बाटलीत तुकडा टिकवणारं फॉर्मालिन नाही, खडेमीठ. वास मारणारं पाणी ओतून त्याने घरचं चांगलं मीठ भरलं होतं.

"मिठातलं मासं वरीसभर टिकतान, ताय," तो म्हणाला. मी त्याला चारचौघांत वाट्टेल ते बोलले.

स्लाइडवर पेशी सुकून चिपाड झाल्या होत्या. डॉक्टरांना हवं ते दिसेना. ते सांगायचे, सुरुवातीला सगळ्या पेशी सारख्याच, मग कुणी कातडीचं काम शिकते, कुणी रक्ताचं. कॅन्सरची पेशी शिकलेलं विसरते. जितकी कमी विसरली, तितकी आशा जास्त. रक्ताच्या एका कॅन्सरात अशा कच्च्या पेशींना औषधाने जाणतं करता येतं, असं त्यांनी नुकतंच वाचलं होतं आणि महिनाभर ते दुसरं काही बोलत नव्हते.

तुकडा पुन्हा काढायला हवा होता. बाई ऐकेना. दीड महिन्याने डॉक्टरांनी मलाच गव्हाणला पिटाळलं.

"यानं घालवला माजा तुकडा," ती नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "आता परत नाय कापून घेनार मी."

तो खाली मान घालून बसला होता. आतलं पाणी औषध आहे, ओतू नका, एवढं एक वाक्य बाटली देताना मी बोलले नव्हते. ते तिथे सांगायचं सोडून मी म्हटलं, या वेळी बाटली मी स्वतः नेईन. ती कशीबशी तयार झाली.

नव्या तुकड्यात कॅन्सर दिसला, पण पेशी फारसं विसरल्या नव्हत्या. डॉक्टर खूश झाले. पण मधल्या काळात जखम हाडापर्यंत गेली होती. मुंबईच्या ऑपरेशनमध्ये जबड्याचा एक भागही काढावा लागला. बाई वाचली.

पुढे कितीदा तरी मी तिला भेटायला गेले. नवरा तिला भात कुस्करून भरवायचा आणि आल्यागेल्याला सांगायचा, चूक माझीच झाली. माझी मला लाज वाटायची. तरी मी त्याला एकदाही अडवलं नाही.